कांद्याच्या पिशवीवरचं पूर्ण नाव

त्यांच्या टेबलावर मी कोणाचाही फोटो ठेवला की ते आधी तो पालथा घालायचे. बघायचेसुद्धा नाहीत. पालथ्या फोटोवर तळहात ठेवून म्हणायचे, "विचारलं का?"

हॉकीच्या मुलीचा असो, रोइंगच्या मुलाचा असो, नाहीतर नेटबॉलच्या अख्ख्या संघाचा. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय कागद सुलटा व्हायचा नाही. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. मी पुण्याची. माझ्या कामात कोणी नाक खुपसलेलं मला चालत नाही, आणि पोस्टर करणं हे माझं काम होतं. मी दोन दिवस खपून रंग जुळवायचे आणि हा माणूस ते न बघताच पालथं घालायचा.

न्यूझीलंडच्या हॅमिल्टन शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडा विभागात आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो. मी पोस्टरं आणि वेबसाइट बघायचे, ते खेळाडूंसाठी प्रायोजक गाठायचे. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण दोनच मराठी माणसं असल्यावर ते कसं जमणार? मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला ताई, म्हणजे मोठं कोण हा प्रश्न कायमचा मिटला. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही. का, ते शेवटी सांगते.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंगात बारा महिने तेच करडं फ्लीसचं जाकीट, डब्यात गुंडाळलेली पोळी, पायात ऑफिसभर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. काळे बूट टेबलाखाली पॉलिश करून ठेवलेले. प्रायोजकाला भेटायचं असलं की जँडल्स निघायच्या आणि बूट चढायचे. दादांनी बूट घातले की आम्ही सगळे हळू बोलायचो. बूट म्हणजे आज कोणाचं तरी वर्ष ठरणार.

ते आले तेव्हा खेळाडूला जाहिरातीचे पैसे द्यायची पद्धतच नव्हती. एका जिमवाल्याने आमच्या एका जलतरणपटू मुलीचा फोटो त्याच्या व्हॅनच्या अख्ख्या बाजूवर लावला आणि तिला एक टॉवेल दिला. ती बिचारी खूश. दादांना कळल्यावर त्यांनी बूट घातले, तिला सोबत घेतलं आणि जिममध्ये जाऊन उभे राहिले. शांतपणे म्हणाले की हिचा चेहरा दिवसभर तुमच्यासाठी गावात फिरतो, फिरणाऱ्याला मजुरी असते. जिमवाला म्हणाला, टॉवेल चांगल्यातला होता. दादा म्हणाले, दिसला. पैसे घेऊनच दोघं परत आले, आणि टॉवेलही त्यांनी परत करू दिला नाही.

त्यातून त्यांची ती पद्धत सुरू झाली. गावातल्या व्यावसायिकांनी वर्षाच्या सुरुवातीला आकडा कबूल करायचा, ज्या खेळाडूचा चेहरा आणि नाव वापरायचं त्याचे पैसे आधी द्यायचे, मग छापायचं. आपल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कोणी कौतुकाने म्हणालं की तुम्ही मुलांना किती मदत करता, तर दादा तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "मदत नाही, मजुरी." समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं, पण दादांना त्याचं काही नसायचं.

आणि करार खेळाडूने स्वतः मोठ्याने वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हा त्यांचा हट्टच होता. समोर प्रायोजक बसलेला, मध्ये दादांचा अतिगोड चहा, आणि एकोणीस वर्षांचं पोर अडखळत कायद्याची भाषा वाचतंय. रग्बीचा एक धिप्पाड गडी स्वतःचाच करार वाचता वाचता झोपला होता. दादांनी त्याला उठवलं आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं. मी एकदा म्हटलं, तुम्हीच थोडक्यात सांगा ना त्यांना. ते म्हणाले, "मी सांगितलं तर ते माझं होईल. त्याचं त्याला वाचू द्या."

मी सांगतेय ती गोष्ट त्यांच्या शेवटच्या वर्षाची.

त्या वर्षी संस्थेत जागा कमी करायचं चाललं होतं. रोज कोणाला तरी पत्र यायचं, आणि कँटीनमध्ये लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचे. आमची व्यवस्थापक भली बाई. तिने दादांना स्पष्ट सांगितलं होतं की एप्रिल संपायच्या आत मुख्य प्रायोजकाची सही झाली तर तुमची जागा वाचवता येईल, नाही झाली तर माझ्या हातात काही नाही. दादांनी मान डोलावली आणि जँडल्स घालून कॉफी आणायला गेले. मला मात्र त्या दिवसापासून नीट जेवण गेलं नाही.

सहीवर आणखी एकीचं वर्ष अवलंबून होतं. रेवा खोब्रागडे, आमच्या मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर. वय वीस, जन्म हॅमिल्टनचा. वडील इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आई एका लॅबमध्ये, रोटोटुनात नवं घर आणि त्याचे हप्ते. आईवडिलांकडे मागायचं नाही म्हणून पोरगी ते रापा नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात बारा बारा तासांच्या शिफ्ट करायची. सराव आणि शिफ्ट एकाच वेळी यायला लागले होते. प्रशिक्षकाने तिला सांगून टाकलं होतं की मे महिन्यापासून सरावाला दिसली नाहीस तर गोलमध्ये दुसरी उभी राहील. जाहिरातीचे पैसे मिळाले तर शिफ्ट सुटणार होत्या. थोडक्यात, एका सहीवर दोघांचे जीव टांगलेले होते.

ती सही करणार होते सुहासकाका. त्यांचं ते रापात फर्निचरचं मोठं दुकान. माणूस खरंच दिलदार. नवीन आलेल्या कितीतरी मराठी पोरांना त्यांनी पहिली गादी फुकट दिली आहे, माझीही पहिली गादी त्यांचीच. दादांनी बूट घातले आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. विकाऊ सोफ्यावर बसलो होतो, किमतीची चिठ्ठी माझ्या कोपराला टोचत होती.

काकांनी रेवाचा फोटो हातात घेतला. हेल्मेट काखेत, केस घामाने कपाळाला चिकटलेले, नजर थेट. काका खूश झाले. मराठी मुलगी इथल्या संघाची गोलकीपर, आपल्याला अभिमान आहे म्हणाले. अर्धा हिवाळा हिचा चेहरा माझ्या दुकानावर आणि बसच्या मागे राहील म्हणाले. आकडाही त्यांनीच वाढवून सांगितला. मग चहा आला. मग आईवडील कुठले, ते विचारलं. दादा म्हणाले, चंद्रपूरकडचे. काकांनी आडनाव विचारलं.

"खोब्रागडे," दादा म्हणाले.

काका कपात चमचा फिरवत राहिले. साखर कधीच विरघळली असणार. मग म्हणाले, "असं, असं."

हे "असं, असं" तुम्हीही ऐकलं असेल. ते ऐकून मी सोफ्याची शिलाई बघायला लागले. दादांनी चहा संपवला, आभार मानले आणि आम्ही निघालो.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला, दादांना नाही, मला. पोस्टरवर मोठ्या अक्षरात नुसतं "रेवा" लिही म्हणाले. खोब्रागडे इथल्या लोकांना म्हणता येणार नाही. शिवाय लांब आहे. आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या लोकांत उगाच विषय निघतात गं."

विषय कुठला हे मला कळलं नाही, असं मी आज लिहू शकते. पण ते खोटं होईल. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही तो सांगावा लागत नाही. जातीचं नाव न काढता जात विचारायची ती आपली सरावाची पद्धत आहे, ती मी घरातच शिकले. मी "हो काका" म्हटलं. नुसतं म्हटलंच नाही, मला हायसं वाटलं. चार इंग्रजी अक्षरं पोस्टरभर काय सुंदर बसली. अर्ध्या तासात मी ते त्यांना पाठवून दिलं. त्यांनी ते करारात घातलं आणि छपाईवाल्याकडे शुक्रवारचा दिवसही धरला. मी कोणालाच विचारलं नाही. सहा वर्षं त्या माणसाशेजारी बसून मी हे केलं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टर दादांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पालथं घातलं.

"विचारलं का?"

"काकांनी मंजूर केलंय."

"काकांना नाही. तिला."

त्या दिवशी त्यांनी न विचारलेला कागद पहिल्यांदाच सुलटा केला. मग आडनाव कुठे आहे म्हणाले. मी म्हटलं, बसत नव्हतं. सहा वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं, आणि ते त्यांना ताबडतोब कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यातला बॅज हातात धरला आणि त्याच्याकडे बघत बोलले. बॅजवर फक्त पहिलं नाव होतं. ईमेलखालीही तेच. मला वाटायचं, त्यांना किवी पद्धत आवडते.

"ताई, अठरा वर्षांपूर्वी इथे शिकायला आलो. मराठी पोरांच्या फ्लॅटमध्ये खोली बघायला गेलो, तर एकाने दारातच आडनाव विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. खोली मिळाली. कोणी कापायला लावलं नव्हतं, मीच कापलं. पोरं चांगली होती. अजून फोन करतात."

एवढंच बोलून त्यांनी बॅज सोडला आणि कामाला लागले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. माझं आडनाव मी आयुष्यात कधी लपवलं नाही आणि त्याचा मला उगाच अभिमान होता. लपवायची वेळच आली नव्हती, हे त्या दिवशी कळलं.

पण रडून झाल्यावर माझ्यातली व्यवहारी बाई जागी झाली. दादांनी काकांना फोन केला होता. काका गोड बोलले, पण करार आता तसाच तयार आहे म्हणाले, गुरुवारी सहीला येतो म्हणाले. मी दादांच्या मागे लागले. एक सही होऊ द्या. तुमची जागा वाचेल, तिच्या शिफ्ट सुटतील, आडनावाचं पुढच्या वर्षी बघू. रेवाला आधी सांगून तिची तयारी तरी करून घेऊ. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला वाचू द्या," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी आले तेव्हा बूट आधीच चढलेले होते.

काका वेळेवर आले, सोबत पेढे. रेवा थेट शिफ्टवरून आली. डोक्यावरच्या जाळीच्या टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करून "सॉरी, आय स्टिंक," म्हणत ती बसली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. दादांनी चहा दिला, करार पुढे सरकवला आणि ती वाचायला लागली. पहिलं पान. पैसे कधी, किती हप्त्यांत. दुसरं पान. दुकानाच्या कार्यक्रमांना दोनदा हजेरी. मी माझ्या बोटांची नखं मोजत होते. मला माहीत होतं ती ओळ तिसऱ्या पानावर आहे.

ती ओळ आली. खेळाडूचा उल्लेख सर्व जाहिरातींत केवळ "रेवा" असा करण्यात येईल.

रेवा थांबली. ओळ परत मनात वाचली. मग मान वर करून कोणाकडेच न बघता विचारलं की केवळ का.

काकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. नाव लांब आहे, इथल्या लोकांची जीभ वळत नाही. रेवा हसली. मैदानावर माइकवर नावं पुकारणारी एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली, बाई होती. पहिल्याच सामन्याआधी तिने रेवाला बोलावून आडनाव चार वेळा म्हणायला लावलं होतं, स्वतःच्या खुणांनी वहीत लिहून घेतलं होतं. माझं नाव लोकांनी जन्मभर मोडून म्हटलं, मी कोणाचं मोडणार नाही, असं ती म्हणाली होती. रेवाने हे सगळं काकांना इंग्रजीत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "शी सेज इट परफेक्टली, अंकल. सो इट्स नॉट दॅट हार्ड."

काकांनी पेढ्यांचा डबा उगाच सरळ केला. मग ते मराठीत दादांकडे वळले.

"तुम्ही समजवा हिला. तुम्हाला अनुभव आहे. तुमच्या बॅजवर तरी कुठे आडनाव आहे? इतकी वर्षं काही अडलं का तुमचं?"

त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. ते खरोखर भल्यासाठी बोलत होते, म्हणूनच ते ऐकवेना. रेवाने दादांच्या बॅजकडे पाहिलं. इतके महिने ती त्यांना ओळखत होती, पण तो बॅज बहुतेक तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. मी दादांकडे बघू शकले नाही, त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हात सावकाश पुढे आला. त्याने तिसरं पान उचललं, पालथं घातलं आणि त्यावर तळहात टेकला.

"म्हणूनच," दादा म्हणाले.

काकांनी विचारलं, म्हणूनच काय? दादांची नागपुरी फक्त मनातून हलले की बाहेर यायची. "नाही जी. माझं अडलं. अठरा वर्षं अडलं. तिचं नको."

रेवाने पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं. मग तिने जे केलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ती मराठीत बोलली, हळू, शब्द शोधत.

"काका, पूर्ण नाव लिहा ना. मग मी सही करते."

काका बघू म्हणाले, घड्याळ पाहिलं, नमस्कार केला. पेढे ठेवून गेले. संध्याकाळी त्यांचा ईमेल आला की या वर्षी जाहिरातीचं बजेट दुसरीकडे वळवावं लागत आहे, मुलीला शुभेच्छा.

दादांनी बूट काढले, जँडल्स घातल्या. रेवाने दारात थांबून विचारलं की यामुळे तुम्ही अडचणीत आलात का. ते म्हणाले, "तू घरी जाऊन झोप. उद्या शिफ्ट आहे ना?"

पुढचे तीन आठवडे मला आठवतात ते त्या बुटांच्या आवाजाने. रोज सकाळी बूट चढायचे आणि दुपारी उतरायचे. दंतवैद्य, गवत कापायच्या मशीनचं दुकान, बाथरूमच्या फरशा. कोणी आकडा आधीच दुसऱ्याला दिलेला, कोणी पुढच्या वर्षी या म्हणालेलं. रेवा शिफ्ट करत होती. गोलमध्ये सरावाला दुसरी मुलगी उभी राहायला लागली होती. एप्रिलचे शेवटचे दिवस उरले तसे दादा जेवायचे बंद झाले. गुंडाळलेली पोळी डब्यात तशीच परत जायची. मी दहा वेळा माफी मागितली. अकराव्या वेळी ते म्हणाले, माफी पुरे, गाडी काढा, पुकेकोहेला जायचंय.

पुकेकोहेला कांदा पिकवणारं एक गुजराती कुटुंब होतं, तीन पिढ्या तिथलेच. पॅकिंगच्या शेडमध्ये एक म्हातारी बाई खुर्चीवर बसून पिशव्या तपासत होती, सगळे तिला बा म्हणत होते. कांद्याच्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कोणाला ते वेगळं वाटलं नाही. दादांनी फोटो दाखवला आणि या वेळी विचारायच्या आतच सांगून टाकलं. नाव पूर्ण छापायचं, ते कमी करायचं नाही.

बाने चष्मा वर केला. दहा किलोची एक पिशवी उचलून आमच्यापुढे धरली. तिच्यावर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव छापलेलं होतं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, तिन्ही.

"आखुं नाम लखो," बा म्हणाली. यांचं अख्खं आणि पोरीचं अर्धं, असं कसं, एवढाच तिचा मुद्दा होता. पैसे काकांच्या निम्म्यापेक्षाही कमी होते. दादांनी आकडा जसाच्या तसा रेवाला कळवला, परवडतंय का ते तीच ठरवेल म्हणाले. मग रेवाने स्वतः शेडमध्ये येऊन करार मोठ्याने वाचला. चार पानांचा नव्हता, एकच पान होतं. सही केली, मग तिथे रचून ठेवलेल्या कांद्याच्या पिशव्याही बाला उचलून दिल्या.

आठवड्यातल्या शिफ्ट सुटल्या, शनिवारची राहिली. मेच्या पहिल्या आठवड्यात ती सरावाला परत उभी राहिली. तो हंगाम ती खेळली. प्रत्येक सामन्याआधी माइकवर तिचं नाव पूर्ण आलं.

दादांची जागा मात्र गेली. कांद्याची पिशवी मुख्य प्रायोजक म्हणून चालली नाही. पत्र आलं तेव्हा त्यांनी ते उघडायच्या आधी टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी ऑफिसने लॅमिंग्टन केक आणले, कार्डावर सह्या घेतल्या. संस्थेच्या पत्रकासाठी मी कॅमेरा वर केला तर त्यांनी लेन्सवर तळहात ठेवला. "विचारलं का?" सगळे हसले. मी विचारलं. मगच त्यांनी हात काढला. त्या फोटोत ते बूट घालून उभे आहेत. जँडल्स टेबलाखालीच विसरले, आणि महिनाभर त्या तिथून हलवायचं माझ्याच्याने झालं नाही. आता ते पर्थला एका शाळेच्या ऑफिसात आहेत. तिथे बॅज नसतो म्हणाले.

दिवाळीच्या फराळाला सुहासकाकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना रोटोटुनाच्या घरी बोलावलं. जावं की नाही यावर मी आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी गेले. चपला काढायला गॅरेजमधून आत जायचं असतं. चपलांच्या रांगेशेजारी, फ्रीझरला टेकून, दहा किलोची कांद्याची पिशवी उभी होती. तिच्यावर हेल्मेट काखेत धरलेली रेवा, नजर थेट, आणि खाली मोठ्या अक्षरात रेवा विलास खोब्रागडे. वरून अर्धे कांदे काढलेले होते. आत भजी तळल्याचा वास येत होता.

काका मागे येऊन उभे राहिले. मी कुठे बघतेय ते त्यांनी पाहिलं.

"कांदा चांगला आहे हा," काका म्हणाले. मग म्हणाले, "सामना बघायला जायला हवं होतं एकदा." आणि मला आत घेऊन गेले.

घरी येऊन मी दादांना मेसेज केला. तुमच्यावर लिहितेय, लिहू का? लिहा म्हणाले. मग विचारलं, नाव पूर्ण घालू? त्यावर दोन दिवस काही आलं नाही. मला वाटलं, मी परत चुकले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"माझं राहू द्या ताई. मी अजून मलाच विचारलेलं नाही. तिचं पूर्ण लिहिलंत ना?"

लिहिलंय, दादा.